एकाच चुलीवर: कुपोषण आणि लठ्ठपणा

2004 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3. दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! वजनकाटा ज्याला ‘व्यवस्थित’ म्हणतो, त्या भारतीय अंगात दुपटीहून जास्त चरबी लपलेली असू शकते, हे त्या एका पानाने दाखवून दिलं.

या चरबीचं मूळ याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुण्याजवळच्या खेड्यांत सापडलं. 1993 पासून त्यांनी सहा गावांतल्या बायकांच्या, अगदी दिवस जाण्याच्या आधीपासूनच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ अशा या बायका. त्यांची बाळं जन्मली सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं हलकी असतात हे माहीतच होतं. पण खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमट्यात धरून मोजली तेव्हा वेगळंच दिसलं. दंड बारीक, पोट लहान, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नाही. आईच्या पोटात अन्न तोकडं पडलं की वाढणारा जीव स्नायूंवर काटकसर करतो. असं बाळ पुढे तिशी-चाळिशीत बसून काम करू लागलं, हातात चार पैसे आले, तेलकट-गोड पोटात जाऊ लागलं, की मधुमेह त्याला लवकर गाठतो. म्हणून उपासमार आणि लठ्ठपणा ही दोन वेगळ्या लोकांची दुखणी आहेत, असं मला वाटत नाही. पुष्कळदा ते एकाच माणसाचं, एकाच घराचं दुखणं असतं.

आकडे पाहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. 15 ते 49 वयाच्या बायकांत 18.7 टक्के हडकुळ्या आणि 24 टक्के जाड. त्याआधीच्या फेरीत हेच आकडे 22.9 आणि 20.6 होते. म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात पारडं फिरलं, आणि तरीही निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमीच राहिलं. वजन वाढलं, पोषण वाढलं नाही. महाराष्ट्रात तर हडकुळ्या बायका 20.8 टक्के, जाड 23.4 टक्के आणि उंचीच्या मानाने वाळलेली मुलं 25.6 टक्के. इतक्या श्रीमंत राज्याला हा शेवटचा आकडा शोभत नाही.

मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे घडतं याचं एक कारण म्हणजे तिथे पोट भरणं स्वस्त झालं, पोषण स्वस्त झालं नाही. इजिप्तमध्ये सरकारी अनुदानाची भाकर तीन दशकांहून जास्त काळ पाच पियास्त्रांना मिळत होती. ती वीसची झाली 2024 मध्ये. त्या भाकरीने लोकांना उपाशी राहू दिलं नाही, हे फार मोठं काम आहे. पण त्याच देशात लठ्ठ बायकांचं प्रमाण जगात वरच्या रांगेतलं, आणि 2014 च्या पाहणीत पाचातलं एक मूल खुजं. आपल्याकडे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य दिलं. ते हवंच, त्यात कपात कोणी सुचवू नये. पण रेशनच्या पिशवीत येतो मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ, दूध, अंडी, भाजी बाजारभावाने घ्यायची. ज्वारी-नाचणी खाणारी घरं त्या पिशवीमागे पांढऱ्या भातावर आली. भाताच्या जोडीला आयातीचं स्वस्त पामतेल, आणि गावातल्या टपरीवर टांगलेल्या पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा. मजुरीवर जाणारी आई रडणाऱ्या पोराच्या हातात पाच रुपये ठेवते, त्याबद्दल तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. पाच रुपयांत दुसरं काय मिळतं?

मेक्सिकोने 2014 पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि 2020 पासून पुड्यांवर साखर-मीठ-चरबी जास्त असल्याचे काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. चिलीने हे इशारे 2016 मध्येच आणले होते. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये पुड्यांवर दर्जाचे तारे छापायची पद्धत सुचवली. मला ती पटत नाही. वेफर्सच्या पुड्यावर एकच तारा असला तरी लेकराला ते कौतुकच वाटणार. इशारा इशाऱ्यासारखा दिसला पाहिजे.

अंगणवाडीताईंकडे दंडघेर मोजायची एक पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेबारापर्यंत पिवळी, पुढे हिरवी. लाल पट्टीतलं मूल ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित, म्हणून नोंदलं जातं, त्याला आहार सुरू होतो, ताई घरी खेटे घालतात. त्याच घरातल्या आजीच्या ‘शुगर’ची नोंद होते दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या वहीत. आणि मधली सोळा वर्षांची मुलगी? तिला आठवड्याला एक निळी गोळी मिळते, लोहाची आणि फॉलिक ॲसिडची. खरं तर सगळी गाठ तिच्यापाशी आहे. 2019-21 च्या त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. स्वतःची वाढ पुरी होण्याआधी त्यांच्या पोटात दुसरा जीव वाढू लागतो. 2023 च्या अखेरीला राज्य सरकारने शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं आणलं, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवून शाळांना लोकवर्गणीचा रस्ता दाखवला. ज्या ताटात प्रथिनं आधीच कमी, त्यातून अंडं काढून घेणारा हा निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि तो फिरवायला हवा.

पुण्याजवळच्या त्या गावांत आणखी एक गोष्ट हाती लागली होती. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत बी12 जीवनसत्त्व कमी होतं. बी12 कमी आणि फॉलिक ॲसिड भरपूर, अशा आयांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सगळ्यांत जास्त दिसली. म्हणून 2012 पासून याज्ञिकांच्या गटाने, ज्यांच्या जन्माची नोंद त्यांनीच ठेवली होती त्या मुलामुलींना बी12 द्यायला सुरुवात केली, पहिलं बाळंतपण होईपर्यंत. दिवस गेल्यावर गोळ्या सुरू करण्यात उशीर होतो, तयारी त्याआधी काही वर्षं व्हायला हवी, हा त्यामागचा विचार. त्यातल्या मुली आता आया झाल्या आहेत, आणि त्यांच्या बाळांची मोजमापं त्याच नोंदींत, आजीच्या मोजमापांच्या पुढे लिहिली जात आहेत.