एका पेशीला दीड एकर रान

मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते. ज्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पासाठी ही गर्दी, त्याचा गाभा आणि बफर मिळून पसारा 1,727 चौरस किलोमीटर. वाघ शोधताना हा पसारा भव्य खराच, पण वाघ पाहणाऱ्या डोळ्यातला कॉर्निया पाहा.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण 2,500, एकूण तीन लाखांच्या आसपास. याच पेशी अख्ख्या ताडोब्यात पसरल्या, तर एकेकीच्या वाट्याला जवळजवळ दीड एकर रान येईल! त्यांचं काम एकच : कॉर्नियात झिरपणारं पाणी अहोरात्र उपसत राहायचं. मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. शेजारणीच पसरून जागा भरतात. संख्या चौरस मिलिमीटरला 500 च्या खाली गेली, म्हणजे दीड एकराऐवजी सात एकर सांभाळायची पाळी आली, की उपसा हरतो. कॉर्निया फुगतो, धुरकटतो.

जन्मजात आनुवंशिक एंडोथेलियल डिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात हा उपसा जन्मापासूनच लंगडा असतो. आई आणि वडील दोघांकडून एकाच जनुकाची बिघडलेली प्रत आलेली असते. बाळाचं बुबुळ निळसर-राखाडी दिसतं, कॉर्निया दुप्पट-तिप्पट जाड. इलाज प्रत्यारोपणाचा, म्हणजे दात्याच्या कॉर्नियाचं कलम बसवण्याचा. पूर्ण जाडीचं कलम शिवायला लागणारा नायलॉनचा धागा केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा बारीक. फक्त आतला थर बदलणाऱ्या सर्वांत पातळ कलमाची जाडी तर 10 ते 15 मायक्रॉन.

ते कलम टिकतं किती? हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने 1997 साली 1,725 प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. पाच वर्षांनंतर 46.5 टक्के कलमं टिकून होती. पण सरासरीवर जाऊ नका. केरॅटोकोनसमध्ये, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे येतो त्या आजारात, हाच आकडा 95.1, आधीचं कलम फसलेल्या डोळ्यात अवघा 21.2. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून परकं कलम शरीराच्या नजरेतून सुटतं. जखमेने, जंतूंनी तिथे रक्तवाहिन्या शिरल्या की शरीर त्याला ओळखतं आणि झिडकारतं. माझ्या मते दुर्मीळ आजारापेक्षा घातक आहे ते साधं कुसळ. ताडोब्याजवळच्या मूल आणि सिंदेवाही तालुक्यांच्या धानपट्ट्यात कापणी-मळणीला ते डोळ्यात जातं, बुरशी धरते आणि डोळ्यात फूल पडतं.

कलम आणायचं कुठून, हा प्रश्न उरतोच. 2012 मध्ये 116 देशांत मिळून 1,84,576 प्रत्यारोपणं झाली. गरजू मात्र एका कॉर्नियामागे सत्तर. मृत्यूनंतर डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. मोहर्लीसारख्या गावापर्यंत नेत्रपेढीचं पथक यायचं, तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो.

तेव्हा घरात मृत्यू झाला आणि नेत्रदान करायचं असेल, तर आधी नेत्रपेढीला फोन करा. मग पापण्या मिटवा, त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद करा. चष्मा किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही. आणि डोळ्यात कुसळ गेलं, तर झाडपाल्याचा रस न घालता त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.