'एमजीबी'चा गिअरबॉक्स का खरखरतो?

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली 'एमजीबी' ही स्पोर्ट्स कार आजही अनेक शौकिनांनी जपली आहे. दुसरा गिअर टाकताना खरखर होऊ लागली, की बहुधा दात्यांचा वेग जुळवणारी पितळी सिंक्रो-कडी झिजलेली असते. कडी लहानशी; पण तिच्यासाठी गिअरबॉक्स इंजिनासह बाहेर काढावा लागतो. त्यामुळे तेवढीच बदलून थांबणे शहाणपणाचे नव्हे. बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेटही त्याच वेळी तपासावी. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. गाडी थांबण्यापूर्वीच तो टाकण्याची घाई दात्यांना भोवते, आणि तुटलेला दाता नव्या कडीने भरून येत नाही. जोडणीनंतर आत गिअर ऑइल नव्हे, इंजिन ऑइलच भरायचे.