हलक्या जमिनीची द्राक्षे

वाइनच्या द्राक्षांचे बहुतेक नामांकित प्रदेश ३० ते ५० अंश अक्षांशांदरम्यान आहेत. नाशिक २० अंशांवर, म्हणजे उष्ण कटिबंधात. तरीही १९९७ साली गंगापूर धरणाच्या परिसरात सुला विनयार्ड्सने सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींची लागवड केली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. याला मोठा आधार मिळाला तो समुद्रसपाटीपासूनच्या सुमारे ६०० मीटर उंचीचा आणि कोरड्या हिवाळ्याचा. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला जानेवारीत पारा कधीकधी ५ अंशांखालीही उतरतो.

युरोपात वेल थंडीत पाने गाळून विश्रांती घेते. नाशिकच्या वेलीला अशी सक्तीची झोप नाही. तिचे वर्ष कात्री ठरवते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर फुटलेल्या काड्या उन्हात पक्व होतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजे तयार होतात. पावसाळा ओसरताना घडांसाठीची गोडी छाटणी केली जाते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. अशा रीतीने मुख्य पावसाळ्यात वेलीवर घड नसतात. मात्र गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला, तर कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यावर केवडा रोग येतो. काढणीच्या तोंडावर अवकाळी आला, तर मणी तडकतात आणि कुजतात.

मण्यात पाणी उतरले, म्हणजे तो पिकू लागला, की साखर वाढू लागते आणि आम्लता घटते. उष्णतेने आम्ल लवकर खर्ची पडते. गार रात्री ते टिकवून धरतात. म्हणून माळी मण्याच्या रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून साखर मोजतो. साध्या वाइनसाठी साधारण २२ ते २४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) घड उतरवतात, स्पार्कलिंग वाइनसाठी त्याआधीच. उन्हाने मणी तापू नयेत, यासाठी तोडणी शक्यतो रात्री किंवा पहाटे उरकतात.

इथली जमीन बेसाल्टपासून बनलेली आहे. भारी काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि ओल फार काळ धरून ठेवते. तिच्यात वेल पानांनी माजते, घड सावलीत राहतात, मणी फुगतात आणि रस पातळ होतो. उतारावरच्या मुरमाड जमिनीत पाणी चटकन निचरते. पाण्याचा थोडा ताण बसला, की मणी लहान राहतो आणि रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतूनच येतो. खाण्याच्या द्राक्षांना जिबरेलिक आम्ल देऊन मणी फुगवतात. वाइनच्या मळ्यात फुगलेला मणी नको असतो. पाणी उतरल्यानंतर ठिबकचे पाणी कमी केले जाते, तेही याचसाठी.

या जमिनींत चुनखडीही आढळते. ती जास्त असली, की वेलीला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. शिवाय विहिरीचे पाणी क्षारयुक्त असू शकते. म्हणून इथेही वेल खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळांवर, कलम करून लावतात. युरोपने मुळांवरच्या फायलोक्सेरा किडीमुळे खुंटकलमे स्वीकारली. महाराष्ट्रात मात्र डॉगरिज किंवा ११० आर हे खुंट वापरण्यामागे प्रामुख्याने क्षार आणि पाणीटंचाई ही कारणे आहेत.

भाजीपाल्याला किंवा उसाला जी जमीन हलकी म्हणून कमी प्रतीची ठरते, तीच निचऱ्याची सोय आणि बेताचे पाणी असेल, तर वाइनच्या द्राक्षांना अधिक मानवते.