पिल्लू द्या, पण दोन महिन्यांनी

दिवाळी सरली की जालन्यात गल्लोगल्ली कुत्र्या व्यालेल्या दिसतात. मुले डोळे नुकते उघडलेले, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांचे पिल्लू घरी आणतात आणि वाटीत गाईचे दूध ठेवतात. अशी पिल्ले बहुधा जुलाबाने किंवा थंडीने दगावतात. त्यापेक्षा आईखाली कोरडे गोणपाट अंथरावे, तिलाच पोटभर खाऊ घालावे. चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना मऊ कालवलेला भात द्यावा. जंताचे औषध मात्र दुसऱ्या आठवड्यापासूनच, पशुवैद्यकांना विचारून पाजावे. हे जंत मुलांनाही बाधतात.

आठ आठवडे झाल्यावरच पिल्लू द्यावे. मागायला येणाऱ्याला मी एकच विचारतो : तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून आणाल ना? मादी कुणी मागत नाही. नसबंदी होते, हे सांगितले की काहीजण तयार होतात.

"पिल्लूच तर आहे, दात लागला तर काय होतंय?" हे नेहमी ऐकतो. रेबीज पिल्लापासूनही होतो, आणि लक्षणे दिसल्यावर माणूस हाती लागत नाही. नुसता ओरखडा असला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शने घ्यावीत.