गरम हब, थंड पाणी

बाग सेवनियातल्या आमच्या गल्लीत शिरलात की एका फाटकाच्या आत ताडपत्रीखाली झाकलेलं काहीतरी लांबडं दिसेल. नवा माणूस हमखास विचारतो, "हे काय, वरातीचा रथ का?" रथ नाही, होडी वाहून न्यायचा ट्रेलर आहे. भोपाळला समुद्र नसला तरी अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेला बडा तलाव आहे, आणि त्या तलावावर शिडाच्या होड्या शिकून इथली मुलं थेट आशियाई स्पर्धांपर्यंत गेली आहेत. तेव्हाच्या होशंगाबादच्या हर्षिता तोमरने २०१८ साली कांस्य आणलं. देवासच्या नेहा ठाकूरने २०२३ मध्ये हांगझोऊला रौप्य आणलं. ते रौप्य टीव्हीवर बघताना आमच्या लेकीने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं, "मला पण शीड शिकायचंय."

शिकली. मग तीन घरांनी वर्गणी काढून एक जुनी आयएलसीए होडी घेतली, जिला पूर्वी लेझर म्हणत. होडीबरोबर ट्रेलरही आला. होडीची आम्ही बाळासारखी निगा राखली. शीड धुवायचं, दोऱ्या वाळवायच्या, तळाला ओरखडा आला की हळहळायचं. ट्रेलरकडे कुणी बघितलंही नाही. चाकं फिरतायत ना, झालं.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तवा धरणावर गेलो. घरापासून शंभरावर किलोमीटर, मंडीदीप, ओबेदुल्लागंज, बुधनी, नर्मदापुरम, इटारसी करत. ऊन रणरणतं होतं. पोचलो तेव्हा मुलींना कधी एकदा पाण्यात उतरतो असं झालेलं. मी बोलेरो तशीच उलटी घेतली आणि ट्रेलर पाण्यात ढकलला, चाकं निम्म्याच्या वर बुडेपर्यंत. होडी आपोआप तरंगली. मला माझंच कौतुक वाटलं. घरी आल्यावर ताडपत्री घातली, पाऊस सुरू झाला, आणि ट्रेलर पार दिवाळीपर्यंत तसाच उभा राहिला.

दिवाळीनंतर पुन्हा तव्याला निघालो. ओबेदुल्लागंज मागे पडलं, रातापानीचं जंगल लागलं. लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, ट्रेलर कसातरीच चालतोय." मी म्हटलं, रस्ता खराब आहे. दोन मिनिटांनी ती पुन्हा म्हणाली, "बाबा, धूर येतोय."

उतरून बघितलं. डाव्या चाकाच्या मधोमध जी छोटी डबीसारखी टोपी असते ती गायब होती. तिथून जळक्या ग्रीसचा वास आणि काळपट धूर येत होता. चाकाला हात लावून हलवलं तर ते दातासारखं डुगडुगलं. तेवढ्यात आमच्या मागून येणारी मोटरसायकल बाजूने निघून गेली. नवरा, बायको आणि पेट्रोलच्या टाकीवर बसवलेलं तीन-चार वर्षांचं पोर. इतका वेळ ते आमच्या मागेच होते. ते चाक सुटलं असतं तर कुठे गेलं असतं, हा हिशोब मी अजूनही कधीकधी रात्री करतो.

पाण्याची बाटली काढली आणि बाबांना फोन लावला. माझे बाबा भेलमधून निवृत्त. रेल्वे इंजिनांच्या मोटरी जुळवण्यात त्यांचा जन्म गेला, बेअरिंग हा त्यांचा रोजचा भाजीपाला. ट्रेलर घेतला तेव्हा त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "पाणी मारू नकोस. तापलेलं पोलाद तडकेल. आपलं आपण गार होऊ दे. आणि पोरींना रस्त्यापासून लांब बसव."

ओबेदुल्लागंजहून ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं करणारा मिस्त्री मोटरसायकलवर आला. त्याने नट काढला, हब ओढून बघितला आणि म्हणाला, "साहब, ये तो एक्सल पे चिपक गया." आतल्या बेअरिंगची कडी एक्सलला जणू वेल्ड झाली होती. छिन्नी आणि ग्राइंडरने ती कापून काढली, नवा जोड घातला. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र झाली. तवा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी अंगणात गोणपाट अंथरलं. "डावं चाक मेलं. आता उजव्याचं पोस्टमॉर्टेम करू," म्हणाले. उजवं चाक उत्तम फिरत होतं, म्हणून मी जरा कुरकुरलो. त्यांनी दुसरं चाक पुढून-मागून विटांनी अडवलं, जॅक लावला, वर जॅकखेरीज घोडी ठेवली, आणि नातीला हाक मारली. मला नाही.

टोपी काढली. आतलं ग्रीस पिवळं असायला हवं होतं. ते निघालं कॉफीत दूध ओतल्यासारखं. "हे पाणी," बाबा म्हणाले. "ग्रीसमध्ये पाणी घुसळलं गेलं की असं होतं. मग ते वंगण राहत नाही, नुसता चिखल." बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं. हबमध्ये बसलेल्या बाहेरच्या कडीवर, ज्याला कप म्हणतात, तांबूस आडव्या रेघा उमटल्या होत्या, एकीपासून दुसरी ठरावीक अंतरावर. नातीने बेअरिंग त्यावर धरून बघितलं. रेघांमधलं अंतर नेमकं रोलरांमधल्या अंतराएवढं. पाच महिने ट्रेलर उभा होता तेव्हा पाणी तळाशी साचलं, आणि रोलर जिथे टेकले होते तिथे गंज चढला. त्या रेघांवरून रोलर फिरायला लागला की खडबड, खडबडीतून उष्णता, उष्णतेने ग्रीस पातळ होऊन बाहेर, आणि मग कोरडं पोलाद पोलादावर. उजवं चाकही त्याच वाटेवर होतं, फक्त थोडं मागे.

"पण पाणी आत गेलं कसं? मागे तर रबरी सील आहे," लेकीने विचारलं. हाच खरा प्रश्न होता. बाबांनी तो तिच्याच दहावीच्या विज्ञानावर आणून सोडवला. शंभर किलोमीटर पळून हब तापतो. समजा आत ७० अंश आहे. तो एकदम २५-३० अंशांच्या पाण्यात बुडवला की आत कोंडलेली हवा गार होते आणि तिचा दाब साधारण आठव्या हिश्श्याने पडतो. सील ग्रीस आत ठेवायला आणि धूळ बाहेर ठेवायला असतं, अशी ओढ सोसायला नसतं. हब स्ट्रॉने सरबत ओढावं तसं पाणी ओढून घेतो. म्हणजे चाक जंगलात मेलं नव्हतं. ते पाच महिने आधी तव्याच्या काठावर मेलं होतं, मी स्वतःचं कौतुक करत होतो त्या क्षणी.

मग धडा सुरू झाला. चाकात दोन बेअरिंग असतात, आत मोठं, बाहेर लहान, आणि दोन्हींचे रोलर निमुळते. सरळ का नाहीत? सेंट लुईसचा हेन्री टिमकेन मुळात घोडागाड्या बनवणारा. गाडी वळताना चाकावर नुसतं वजन येत नाही, बाजूचा रेटाही येतो. निमुळता रोलर दोन्ही सोसतो. १८९८ मध्ये त्याने पेटंट घेतलं. म्हणजे वरातीचा रथ म्हणणारा अगदीच चुकला नव्हता!

ग्रीस भरायची रीत बघण्यासारखी आहे. डाव्या तळव्यावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत खरवडायची, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीसच्या शेवया बाहेर येईपर्यंत. नुसतं वरून फासलं तर आत कोरडंच राहतं. लेकीने पहिल्यांदा वरून फासलं आणि ओरडा खाल्ला. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवायचा मोह मला झाला, तेव्हा ओरडा मी खाल्ला. वंगणाशिवाय तशा वेगाने फिरवलं तर ते फुटून रोलर अंगावर येऊ शकतात. ग्रीस पाण्यात टिकणारं घ्या, आणि जुनं पूर्ण धुतल्याशिवाय वेगळ्या जातीचं वर चढवू नका. काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होतात. बेअरिंग बदललं तर कपही बदलायचा, जोडीनेच. सील दर वेळी नवं. त्यात कंजूषपणा नको.

सगळ्यात नाजूक काम नटाचं. आपल्याला वाटतं, चाकाचा नट म्हणजे जीव खाऊन आवळायचा. इथे उलटं. चाक हाताने फिरवत नट घट्ट करायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग सैल करून फक्त बोटांनी टेकवायचा, खाच आणि भोक जुळलं की नवी स्प्लिट पिन घालून तिचे पाय वळवायचे. किंचित, जाणवेल न जाणवेल इतकी ढील हवी. फार आवळलं तर बेअरिंग जळतं, फार सैल सोडलं तर चाक लडबडतं. बाबांचे हात आता कापतात. पिन त्यांना घालता येईना. त्यांनी ती मुकाट्याने नातीच्या हातात दिली.

मिशिगनमधल्या माझ्या मावसभावाला हे सांगितलं तर तो हसला. तिकडे घरोघरी होड्या, त्यामुळे स्प्रिंग असलेल्या टोप्या मिळतात. बेअरिंग बडी हे त्यातलं प्रसिद्ध नाव. स्प्रिंग ग्रीसवर हलका दाब ठेवते, म्हणून पाणी आत शिरत नाही. त्याने एक जोडी पाठवली. बाबांनी ती बसवली, पण ग्रीसगन माझ्या हातात देताना बजावलं, "भसाभस भरलंस तर मागचं सील उडेल." आणि टोपी आहे म्हणून वर्षातून एकदा हब उघडायचं टळत नाही, हेही. आमच्याकडे ते काम पावसाळ्याआधी होतं.

खरं सांगायचं तर आमच्या होडीसाठी चाकं बुडवायची गरजच नव्हती. तिचं नुसतं धड ५९ किलोच्या आसपास. आम्ही चार माणसं होतो. उचलून हलक्या हातगाडीवर ठेवली असती की झालं. मी ते केलं नाही, कारण ऊन होतं आणि मला आळस आला. जड होडी असेल तर मात्र चाकं बुडणारच, तेव्हा आधी थांबायचं. काठावर गाडी लावा, चहा प्या, शीड बांधा, हबला हात लावून बघा. पाऊणएक तास जातो.

या मे महिन्यात पुन्हा तव्याला गेलो. मंडीदीपला गाडी थांबवल्या थांबवल्या लेक उतरली आणि तळवा आधी हबजवळ आणि मग हबवर टेकवला, आधी डाव्या, मग उजव्या. घरून आजोबांचा फोन आलाच.

"किती गरम?"

"आजोबा, दोन्ही सारखेच. चहाचा कप धरल्यासारखे."

"कोणाचा चहा? तुझ्या आजीचा की टपरीवरचा?"

"आजीचा."

"मग जा पुढे. आजीचा कोमटच असतो."