अनुस्वारानं पाडलेलं भोक

तुमच्या कपाटात असा एक तरी टी-शर्ट असणारच. कंपनीच्या मॅरेथॉनमध्ये मिळालेला. हलका, झुळझुळीत, घाम चटकन सुकवणारा आणि छातीवर भरतकाम केलेला लोगो. पहिल्या दिवशी एकदम सही! दोन धुण्यांनंतर मात्र लोगोभोवती अशा चुण्या, की जणू तिथे कुणी पापड चिकटवलाय. माझ्याकडेही तसा एक आहे. रात्री झोपताना घालते.

दोष धुण्याचा नाही, हे मला कळलं ते थेट चिंचपाड्यात. नंदुरबार जिल्हा, नवापूर तालुका, सुरत-भुसावळ लाइनवरचं छोटं स्टेशन. गेले होते वेगळ्याच स्टोरीसाठी. परतीच्या गाडीला वेळ होता आणि एका दुकानातून मशीनचा खडखडाट येत होता. डोकावले.

आत माझ्याच वयाची एक मुलगी, भरतकामाचं एक कॉम्प्युटराइज्ड मशीन आणि टेबलावर निळ्या टी-शर्टांची चळत. शाळेतल्या मुलींच्या कबड्डी टीमसाठी. एक टी-शर्ट मात्र वेगळा ठेवलेला.

‘तो गेला, ताई,’ ती म्हणाली.

उचलून पाहिला. छातीवर ‘चिंचपाडा’. आणि ‘चिं’च्या डोक्यावर, अनुस्वाराच्या जागी, चक्क भोक!

काम ती सुरतेत शिकली. तिथे साड्यांवर, ड्रेस मटेरियलवर टाके पाडायची. ‘साडी ताणत नाही. हे कापड रबरासारखं पळतं.’

फंडा असा आहे. साधं शर्टाचं कापड म्हणजे उभे-आडवे धागे. टी-शर्टचं कापड म्हणजे एकमेकांत अडकवलेले फास, स्वेटरसारखे, फक्त फार बारीक. अणकुचीदार सुई त्यातला एक जरी फास तोडून गेली, तरी शेजारचे उसवत जातात. अनुस्वार तर इवलासा. मशीन तेवढ्याशा जागेत पुन्हा पुन्हा सुई मारतं आणि कापडाची चाळण होते. इंग्रजी अक्षरांना ‘आय’च्या टिंबाचा त्रास असेल. आपल्याकडे अनुस्वार आहे, पाय मोडलेली अक्षरं आहेत आणि वर शिरोरेषा! लांबलचक शिरोरेषेचे टाके कापड ओढून घेतात आणि अख्खा शब्द धनुष्यासारखा वाकतो.

मग प्रिंट का नाही करत? बाई गं, हा माझा शहरी प्रश्न. पॉलिस्टरवर रंग आत मुरवणारं प्रिंटिंग खरंच चांगलं असतं, सोलून निघत नाही. पण ते मशीन तिच्याकडे नाही. साधं चिकटवलेलं प्रिंट मुलींनी गेल्या वेळी केलं होतं. ‘स्पर्धेआधीच “पाडा” निघून गेलं. समोरच्या टीमवाल्या “चिंच, चिंच” म्हणून चिडवत होत्या. पोरी रडल्या. यंदा म्हणाल्या, शिवूनच दे.’

टी-शर्टांचे पैसे पालकांनी जमवलेले. म्हणजे गेलेला टी-शर्ट हिच्याच खिशातून. मला वाटलं, ही आता हात आखडता घेईल. हिनं तोच फाटका टी-शर्ट रफ वही केला. उलटवून दाखवला तर पाठीवर ‘चिंचपाडा’ पाच वेळा, एकाखाली एक. पहिला चुण्यांचा. दुसरा वाकडा. पाचवा... सरळ!

काय काय बदललं? सुई आधी. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोल असतं, ती धागा न तोडता बाजूला सारते. मग फ्रेम. आपण कापड तबल्यासारखं ताणून बसवतो, तिथेच चुकतं. फ्रेममधून सुटलं की कापड आपल्या मापाला परत येतं, टाके येत नाहीत, आणि चुण्या पडतात. म्हणून ती आता फ्रेममध्ये फक्त खालचं अस्तर ताणते आणि टी-शर्ट त्यावर न ओढता अलगद चिकटवते. अस्तरही फाडून काढायचं नाही, कडेनं कापायचं, उरलेलं आत कायम राहतं. टाक्यांना आधार त्याचाच. शेवटी डिझाइन: टाके विरळ, मशीनचा वेग कमी, शिरोरेषा एका दमात न करता अक्षराअक्षराला तोडलेली आणि अनुस्वार थोडा मोठा, मोजक्या टाक्यांचा.

‘शाळेचा मोठा लोगोपण सांगितला होता. मी नाही म्हटलं,’ ती म्हणाली. ‘एवढं जाड भरलं की आतून टोचतं. पोरींना खेळायचंय.’ गिऱ्हाइकाला नाही म्हणायला डेअरिंग लागतं, बॉस! आपल्यातल्या कितीजणांना क्लायंटसमोर जमतं?

त्या नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊत आठवतात? ‘सावरपाडा एक्स्प्रेस’? 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये त्यांनी ब्राँझ जिंकलं आणि एका पाड्याचं नाव देशानं वाचलं. पाड्याचं नाव छातीवर मिरवणं म्हणजे काय, हे मला त्या टेबलापाशी जरा उशिराच उमगलं.

तेव्हा पुढच्या वेळी ऑफिससाठी टी-शर्ट मागवाल, तर एवढं करा. आधी एक नमुना करून घ्या. तो धुवा. ताणून बघा. उलटा करून आत अस्तर आहे का ते पाहा. लोगो लहान ठेवा आणि मोठा हवाच असेल तर प्रिंट घ्या.

निघायच्या आधी तिनं पहिला खरा टी-शर्ट मशीनवर चढवला. ‘चि’ झाला. सुई वर सरकली. आम्ही दोघी गप्प. टक, टक, टक... मशीन पुढच्या अक्षराकडे गेलं. तिनं वाकून पाहिलं, नखानं टिंब चाचपलं आणि म्हणाली, ‘बसला.’

माझी गाडी चुकली. पुढची येईपर्यंत तीन टी-शर्ट झाले होते.