देवाचे ऐकणे म्हणजे काय?

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. ‘गाणे ऐकले’ म्हटले म्हणजे ते कानांवर पडले एवढेच. पण ‘पोरगा आईचे ऐकत नाही’ असे म्हटले, तर पोरगा बहिरा आहे असे कोणी समजत नाही. त्याला ऐकू येते, पण तो मानत नाही, असाच अर्थ आपण घेतो. श्रवण आणि आचरण यांची ही गाठ आपल्या भाषेने फार पूर्वीच मारून ठेवली आहे. ख्रिस्ती धर्मातील एका लहानशा पंथाने ‘देवाचे ऐकणे’ हीच आपली सारी उपासना मानली. त्या पंथाविषयी, आणि त्यातील एका शिंप्याविषयी येथे सांगावयाचे आहे.

आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि गेटसभांत झालेले. कामगार चळवळीतल्या माणसांचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो संशयाचा आहे. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आम्ही बहुतेक वेळा बळवंताच्या बाजूनेच उच्चारलेले ऐकले आहेत. पगार अपुरा पडला तर ते नशीब, आणि यंत्रात हात सापडला तर ती देवाची मर्जी! म्हणून ‘देवाने मला सांगितले’ असे कोणी म्हणाला की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की या सांगण्याची किंमत कोण मोजणार? ऐकणारा स्वतः, की दुसराच कोणी? हा प्रश्न हाती धरूनच आपण पुढे जाऊ.

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात जॉर्ज फॉक्स (1624–1691) नावाचा उपदेशक पुढे आला. बाप विणकर, स्वतः जोडे करणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. त्याचे सांगणे थोडक्यात असे, की देवाचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या ठायी आहे. तो पाहण्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. या लोकांनी स्वतःस ‘मित्र’ म्हणवून घेतले. लोकांनी मात्र त्यांना ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, असे टोपणनाव दिले, आणि तेच रूढ झाले.

त्यांच्या उपासनेची मूळ पद्धत आजही अनेक ठिकाणी चालू आहे. साध्या खोलीत बाके मांडलेली असतात. वेदी नाही, वाद्य नाही, ठरलेली प्रार्थना नाही, पगारी धर्मोपदेशक नाही. मंडळी येतात आणि गप्प बसतात. बोललेच पाहिजे अशी निकड एखाद्याला आतून वाटली, मग तो पुरुष असो वा स्त्री, तर त्याने उभे राहावे, थोडक्यात बोलावे आणि पुन्हा बसावे. कधी कधी सबंध तास कोणीच बोलत नाही, आणि तरीही सभा फुकट गेली असे कोणी मानीत नाही. बायबलात एलीया नावाच्या संदेष्ट्याची कथा आहे. त्याला देव वादळात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही. हे सारे शमल्यावर अगदी मंद अशा आवाजात भेटला. क्वेकरांची शांतता ही त्या मंद आवाजाची वाट पाहणे होय.

पण वाट पाहताना ऐकू येते ते देवाचे, की आपल्याच मनाचे? हा धोका काल्पनिक नव्हे. जेम्स नेलर हा फॉक्सच्या बरोबरीचा प्रभावी वक्ता. 1656 साली तो येशूच्या यरुशलेम-प्रवेशाचा देखावा करीत, अनुयायांच्या जयघोषात, घोड्यावरून ब्रिस्टल शहरात शिरला. पार्लमेंटाने त्याच्या कपाळावर डाग दिला आणि तापल्या लोखंडाने त्याची जीभ भोसकली. शिक्षा अमानुष होती यात शंका नाही. पण एकट्याला आलेली प्रेरणा चौघांत तपासून घेतली पाहिजे, हा धडा क्वेकरांनी त्यावरून पक्का केला. धर्मकार्यासाठी परगावी जावयाचे तर आपली तळमळ आधी गावच्या मासिक सभेपुढे मांडावी, सभेने विचार करून तिला ती खरी वाटली तरच पत्र द्यावे, अशी शिस्त पडली.

त्यांच्या सभांत मतदानही नसते. सभेचा एकंदर कौल काय आहे हे चिटणीस लिहून काढतो व वाचून दाखवतो. मतभेद तीव्र झाला तर सारे गप्प बसतात, नाहीतर प्रश्न पुढे ढकलतात. हात वर करून मते मोजणाऱ्या आम्हांस या पद्धतीचे नवल वाटते. बहुमताने निर्णय लवकर होतो, पण हरलेली माणसे पुष्कळदा मनाने बाहेर जातात. एकमताची वाट पाहिली तर माणसे टिकतात, पण न्याय लांबतो. तो किती लांबतो याचे उदाहरण त्यांच्याच इतिहासात आहे. 1688 साली पेन्सिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध दिला. मासिक सभेने तो त्रैमासिक सभेकडे धाडला, त्रैमासिक सभेने वार्षिक सभेकडे. आणि वार्षिक सभेने निर्णय देण्याचे टाळले. अर्जाचा असा प्रवास आमच्या चांगला परिचयाचा आहे! देवाचा आवाज ऐकण्यासाठी दर आठवड्याला गप्प बसणाऱ्या कित्येक घरांत त्या वेळी गुलाम राबत होते.

याच समाजात, न्यू जर्सीतल्या एका शेतकरी कुटुंबात, 1720 साली जॉन वुलमन जन्मला. विशी ओलांडल्यावर तो माउंट हॉली गावी एका दुकानात हिशेब लिहावयास राहिला. एके दिवशी मालकाने आपली एक कृष्णवर्णी गुलाम स्त्री विकली, आणि विक्रीखत लिही म्हणून सांगितले. घेणारा म्हातारा गृहस्थ, तोही क्वेकरच, समोर खोळंबला होता. वुलमनने खत लिहून दिले. पण लिहिताना मन इतके अस्वस्थ झाले की त्या दोघांसमक्षच तो म्हणाला, गुलाम बाळगणे हे ख्रिस्ती धर्माला धरून नाही असे मला वाटते. पुढे दुसऱ्या एकाने तसेच खत लिहावयास सांगितले, तेव्हा त्याने साफ नकार दिला.

येथे ऐकणे आणि वागणे यांची गाठ पडली. त्याला दृष्टांत झाला नव्हता. लेखणी धरलेला हात अडखळला, एवढेच. पुढे तो शिवणकाम आणि दुकानदारी करू लागला, शेजाऱ्यांचे कागदही लिहून देई. त्यात मिळकत चांगली होती. एकदा जबर मार लागलेल्या एका शेजाऱ्याने त्याला बोलावून मृत्युपत्र लिहावयास सांगितले. आपली तरुण गुलाम स्त्री अमुक मुलाला द्यावी, असेही त्यात होते. वुलमनने बाकीचे सर्व लिहिले, तेवढा भाग सोडला, कागद बिछान्याजवळ नेऊन वाचून दाखवला, आणि शांतपणे सांगितले की, कोणास गुलाम ठरवणारा कागद माझ्या हातून लिहिला जाणार नाही; झाल्या कामाचे पैसेही नकोत. दोघांचे बराच वेळ बोलणे झाले. अखेर शेजाऱ्याने तिला मुक्त करण्याचे कबूल केले, तेव्हा वुलमनने मृत्युपत्र पुरे केले.

आमचा सुरुवातीचा प्रश्न येथे लावून पाहा. किंमत कोणी मोजली? ऐकणाऱ्याने. मजुरी त्याने सोडली, शेजाऱ्याची नाराजीही त्यानेच पत्करली. आणि आवाज कोणाचा होता? जिला त्या खोलीत बोलण्याचा अधिकार नव्हता तिच्या बाजूने तो आला. वुलमनच्या चरित्रात हे पुनःपुन्हा दिसते. 1757 साली दक्षिणेकडील प्रांतांत फिरताना गुलाम राबवणाऱ्यांच्या घरी त्याला फुकट पाहुणचार मिळे. हे अन्न कोणाच्या श्रमाचे, असा विचार करून तो चांदीची नाणी जवळ ठेवी, आणि निघताना त्या गुलामांसाठी देऊन जाई. यजमानाला शिव्या देऊन तो बाहेर पडला नाही. त्याच्याशी बोलत राहिला. 1756 च्या सुमारास दुकान फार वाढू लागले, तेव्हा त्याने ते आवरते घेतले आणि शिवणकाम व सफरचंदांची बाग यांवर भागवले. फार मिळवायचे म्हटले की ऐकायला फुरसत उरत नाही, हे त्याने ओळखले होते.

1763 साली सस्क्वेहाना नदीकाठी वायलूसिंग येथील मूळ रहिवाशांकडे तो गेला. शिकवण्याआधी त्यांच्याकडून काही शिकता यावे, हा त्याचा हेतू होता. तेथे त्याने दुभाष्याविना प्रार्थना केली. पपुनेहंग या नायकाला तिचे शब्द कळले नाहीत. पण शब्द जेथून उगम पावतात ते ठिकाण जाणवल्याचे समाधान त्याने बोलून दाखवले. देवाचे ऐकणाऱ्याला माणसाचेही ऐकता येते, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

1772 साली तो इंग्लंडास निघाला. जहाजाच्या केबिनीवरील कोरीव नक्षीचा खर्च अखेर गरिबांच्या पाठीवर पडतो, म्हणून तो खालच्या कोंदट भागात खलाशांच्या शेजारी राहिला आणि त्यांचे हाल पाहिले. इंग्लंडात तो पायी हिंडला. जलद घोडागाड्यांसाठी घोडे मरेपर्यंत पळवतात, आणि त्यांवरील पोरे हिवाळ्यात गारठून मरतात, हे कळल्यावर त्याने टपालाने पत्र पाठवणेही टाळले. रोजनिशीत त्याने दर लिहून ठेवले आहेत: गहू 8 शिलिंगांस एक बुशेल; लंडनच्या बाजूला मजुराचा रोज 10 पेन्स, जेवण ज्याचे त्याने पाहायचे; कारखान्यांत सूत कातणाऱ्या स्त्रियांना 4 पासून 10 पेन्सपर्यंत. 8 शिलिंग म्हणजे 96 पेन्स. म्हणजे सुमारे 27 किलो गव्हासाठी मजुराची जवळजवळ दहा दिवसांची मजुरी. साधुपुरुषाच्या रोजनिशीत असा बाजारभाव सापडावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. आम्हांस तोही प्रार्थनेचाच भाग वाटतो. ज्याला शेजाऱ्याच्या भाकरीचा हिशेब ठाऊक नाही, त्याने शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा ऐकली असे कसे म्हणावे?

त्याच वर्षी 7 ऑक्टोबरला यॉर्क शहरी देवीच्या रोगाने वुलमन वारला. त्याच्या खटपटीचे फळ हळूहळू आले. 1758 सालच्या फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत तो बोलला होता. गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरोघर जाऊन त्यांचे मन वळवावे, असे तेथे ठरले, आणि वुलमन स्वतः त्या फेऱ्यांत हिंडला. 1776 साली त्या सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची बंदी केली. जर्मनटाउनच्या निषेधापासून 88 वर्षे लोटली होती. साऱ्या अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपण्यास 1865 साल उजाडावे लागले, आणि तेही एका भयंकर युद्धानंतर. एवढा काळ ज्यांनी साखळ्यांत काढला, त्यांच्यापुढे ‘धीर धरा’ हा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नव्हता, हेही सांगितले पाहिजे. धीर धरावयाचा तो स्वतः किंमत मोजणाऱ्याने. दुसऱ्याच्या दुःखावर धीर धरणे याला भक्ती म्हणत नाहीत.

यातून सामान्य माणसाने घ्यावयाचे ते फार अवघड नाही. दिवसातून थोडा वेळ गप्प बसावे. मनात जे उमटेल ते विश्वासाच्या चार माणसांपुढे ठेवून पाहावे. मग पाहावे की त्यात झीज आपली होते, की दुसऱ्याची. आपल्या सोयीचेच जे सांगतो तो आवाज बहुधा आपलाच असतो. आणि आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईची मजुरी ठरवताना, कामावर येणाऱ्या पोराचे वय विचारताना, स्वस्त मिळालेला कपडा अंगावर चढवताना जर हात क्षणभर अडखळला, तर त्या अडखळण्याला कमी लेखू नये. वुलमनचेही ऐकणे तेथूनच सुरू झाले होते.